पहिला मोठा टीव्ही घेताय? आधी टेप काढा

दुकानात जाण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. सात फूट असेल तर ५५ इंची फोर-के बिनधास्त घ्या. साडेपाचच असेल तर ४३ इंची पुरे. ५५ इंची टीव्हीची रुंदी चार फूट भरते आणि बहुतेक टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात. युनिट अरुंद असलं की पाय अधांतरी!

नवखे हमखास फसतात ते इथे:

- शोरूममधलं चित्र. तिथे 'व्हिव्हिड' मोड लावलेला असतो, रंग भडक दिसतात. सेल्समनला 'सिनेमा' मोड लावायला सांगा. पेनड्राइव्हवर रात्रीच्या दृश्याचा व्हिडिओ घेऊन जा. काळा रंग राखाडी दिसतो का, ते लगेच कळतं.
- खोक्यावरचं 'एचडीआर', म्हणजे उजळ-गडद भागांतले बारकावे जास्त दाखवणारं तंत्र. पडद्याचा उजेड ३०० निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असेल तर ते नावापुरतंच.
- जुना एसडी सेट-टॉप बॉक्स. मोठ्या पडद्यावर चित्र फुटतं आणि शिव्या टीव्हीला! एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआय केबलनेच जोडा.

पुढे साउंडबार घ्यायचा असेल तर एका एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारला पाठवायची सोय) लिहिलंय ना, बघा. १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याच्या) भानगडीत आत्ता पडू नका. गेमिंग नसेल तर ६० चालतं.