गार्बोचा कोरा चेहरा

प्रश्न: परवा 'क्वीन क्रिस्टिना' (१९३३) बघितला. शेवटी प्रियकर मेलाय, राज्य सोडलंय, आणि राणी झालेली नटी ग्रेटा गार्बो जहाजाच्या टोकाशी नुसती उभी! डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. याला अॅक्टिंग म्हणायचं का? आणि गोष्ट कितपत खरी?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तिला तसंच सांगितलं होतं हो! डायरेक्टर रूबेन मामूलियन तिला म्हणाला की चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, काही विचार करू नकोस, पापणीसुद्धा शक्यतो हलवू नकोस, काय लिहायचं ते प्रेक्षक लिहील. कॅमेरा लांबून हळूहळू पुढे येतो आणि शेवटी पडदाभर तो एकच चेहरा. तुम्हाला तो थंड वाटला, माझ्या बहिणीला 'आता सुटली बिचारी' असं वाटलं, म्हणजे मामूलियनचं काम झालं की.

हा माणूस तिफ्लिसचा (आताचं जॉर्जियातलं तिबिलिसी), मूळचा आर्मेनियन, नाटकातून सिनेमात आलेला, त्यामुळे हालचाल त्याला संगीतासारखी लयीत लागायची. सराईतली खोली आठवते ना? बाहेर बर्फ, सकाळ झालीये, आणि ती काही न बोलता खोलीभर फिरतीये, चरख्यावरनं हात फिरवते, उशीला गाल लावते, पलंगाचा खांब कवटाळते. तिचा प्रियकर, स्पेनचा राजदूत, विचारतो हे काय चाललंय, तर ही म्हणते खोली पाठ करून ठेवतीये. हा सीन मामूलियनने मेट्रोनोम (ठेका धरून टिकटिकणारं यंत्र) लावून घेतला, टिक टिक चालू आणि गार्बो त्या ठेक्यावर पावलं टाकतीये! ऐकायला यांत्रिक वाटतं, पण तबल्याच्या ठेक्यावर गाणारा कुठं यांत्रिक वाटतो आपल्याला? माझ्या मते अख्ख्या पिक्चरमध्ये हा सीन सगळ्यात भारी, दरबाराचे सीन त्यापुढे जरा नाटकी आणि लांबलेलेच आहेत.

आता खरंखोटं. स्वीडनच्या या राणीने १६५४ मध्ये गादी सोडली हे खरं, स्पेनचा राजदूत तिच्या दरबारी होता हेही खरं, पण त्याच्याशी प्रेमप्रकरण आणि द्वंद्वात त्याचा मृत्यू ही सिनेमावाल्यांची करामत. खरी क्रिस्टिना कॅथलिक झाली आणि रोमला जाऊन राहिली, तिची कबर तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आहे. पुरुषी वेश मात्र अगदीच बनाव नाही बरं का, गादी सोडल्यावर ती तशाच कपड्यांत घोड्यावरनं डेन्मार्क पार करून गेली होती.