मॅडम, मला कळा सोसवतील का?

सातवा महिना लागला की माझ्याकडे बाळंतपणाच्या तयारीसाठी येणाऱ्या बहुतेक पहिलटकरणी हेच विचारतात. आणि घरचे त्यावर एकच ऐकवतात, अगं सगळ्याच बायका बाळंत होतात, तुझंच काय वेगळं. याने भीती जात नाही हो, फक्त पोरगी ती बोलून दाखवायचं बंद करते.

अशीच एक आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बँकेत नोकरी, रिपोर्ट सगळे नॉर्मल, बाळाचं डोकं खाली, आणि हिचं एकच, मला सिझरची तारीख काढून द्या. शेवटी डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. सुरुवातीला ती नुसती कळांबद्दलच बोलायची आणि मी ऐकत राहायचे. मग एक दिवस विचारलं, "बरं, समज कळा सुरू झाल्या. काय दिसतंय तुला?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझी ताई दिसते. तिच्या वेळी मी लेबर रूमच्या बाहेर बसले होते. ती ओरडायला लागली तर आतली बाई म्हणाली, आता कशाला बोंबलतेस, तेव्हा नाही कळलं का?"

"मग तुला नक्की भीती कशाची वाटते गं?"

"मी ओरडले तर मलाही असंच बोलतील. आणि दार बंद असेल."

बोलून झालं आणि ढसाढसा रडली. मी काही समजवायला गेले नाही, रडू दिलं. कळांच्या नावाखाली ती इतके दिवस अपमानाला आणि एकटं पडण्याला घाबरत होती, आणि इतक्या वर्षांच्या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय. ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने 1930 च्या दशकातच मांडलं होतं की भीतीने अंग आकसतं, आकसलं की जास्त दुखतं, आणि दुखलं की भीती अजून वाढते. माझं सगळं काम याच विचारावर उभं आहे, म्हणून श्वासाचे व्यायाम मी नंतर घेते, आधी ती भीती नेमकी कुठे बसलीय ते शोधते.

मग आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. आत सोबत कोणी थांबू शकेल का, कळा चालू असताना फिरू देता का, कट (बाळ बाहेर येताना योनीच्या तोंडाशी देतात तो छेद) सरसकट देता की गरज पडली तरच, बाळ लगेच छातीवर देता का. "असलं विचारलं तर चिडतील," म्हणाली. डॉक्टर चिडल्या नाहीत, उलट सोबतीला लगेच हो म्हणाल्या. खरं तर सरकारी दवाखान्यातही 2016 पासून सोबतीण ठेवायला केंद्राची परवानगी आहे, शक्यतो स्वतः बाळंत झालेली बाई, पण आपल्याकडे हे कोणी विचारतच नाही. सोबतीला आईच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं, हिने निवडली नणंद. "आई माझ्या आधी रडेल, वन्संचं मन घट्ट आहे." आईला वाईट वाटलं, मग तिलाही बोलावून बोलले.

कळा रात्री सुरू झाल्या. सकाळी गर्भपिशवीचं तोंड 3 सेंटिमीटरच उघडलं होतं, पण तिला माहीत होतं की 5 सेंटिमीटरपर्यंत वेळ लागतोच, जागतिक आरोग्य संघटनाही 2018 पासून खऱ्या जोराच्या कळा तिथून धरते, त्यामुळे खचली नाही. पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या, कळ आली की भिंतीला हात टेकून वाकायची आणि नणंद कंबर दाबून धरायची. शेवटी ओरडली, चांगली मोठ्याने ओरडली. सिस्टर म्हणाल्या, "ओरड बाळा, फक्त श्वास सोडताना ओरड." दुपारी मुलगी झाली. मला फोनवर म्हणाली, "दुखलं मॅडम, खूप दुखलं. पण कोणी रागावलं नाही."

मला याचा अभिमान वाटतो, आणि सिझर झालं असतं तरी तेवढाच वाटला असता. बाळाचे ठोके कमी झाले किंवा बाळ अडकलं तर सिझर जीव वाचवतं, आणि एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते औषध) घेतलं म्हणून आईपण कमी होत नाही.

तुमचे प्रश्न मात्र आठव्या महिन्यातच विचारा, म्हणजे उत्तर पटलं नाही तर हॉस्पिटल बदलायला वेळ राहतो. आणि अंगावरून पाणी गेलं, रक्त जायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट बघत घरी थांबू नका, लगेच निघा.