शपथपत्र झालं, आता दावा दुरुस्त होईल का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. पारोळा तालुक्यात माझी वडिलोपार्जित १ हेक्टर ४० आर जमीन आहे. उत्तरेकडचा शेजारी बांध कोरायचा, म्हणून २०१९ साली त्याच्यावर निरंतर मनाईचा दावा लावला. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, माझ्या बाजूने हुकूम झाला. पुढे वादाचे मुद्दे निघाले, जानेवारी २०२४ मध्ये माझं सरतपासणीचं शपथपत्र (माझी साक्ष लेखी स्वरूपात) दाखल झालं, उलटतपास अर्धा झाला. आणि जून २०२४ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, त्याने रातोरात जेसीबी लावून बांध सपाट केला आणि माझ्या हद्दीत कपाशी लावली. पोलीस म्हणे दिवाणी बाब आहे. सरकारी मोजणी केली. ‘क’ प्रतीत, म्हणजे मोजणीच्या नकाशात, ११ आर अतिक्रमण निघालं. ७ आर कपाशीखाली, आणि ४ आर त्याच्या पत्र्याच्या गोठ्याखाली. गोठा २०१६ पासून उभा आहे. आता ताबा मागायचा तर त्याचे वकील म्हणतात, ट्रायल सुरू झाली, दाव्यात काना-मात्राही बदलता येणार नाही. पारावरचे म्हणतात, सुप्रीम कोर्टाने एकतीस वर्षांनीसुद्धा दुरुस्ती दिली आहे. आमच्या वकिलांनी केलेला दुरुस्ती अर्जाचा मसुदा सोबत पाठवतो. खरं काय शे?
– एक शेतकरी, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, समोरचे वकील अर्धं खरं बोलतात आणि पारावरचे पाव.

वादपत्रात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) दुरुस्ती करण्याचा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ मध्ये आहे. पूर्वी तो सैल होता. दोन्ही पक्षांतला खरा वाद मिटवायला गरजेची असेल आणि समोरच्याचं खर्चाने भरून न निघणारं नुकसान होत नसेल, तर दुरुस्ती द्यावी, असं मुंबई हायकोर्टाने १९०९ सालीच किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा या खटल्यात सांगून ठेवलं होतं. मग काय, तारीख लांबवायची असली की टाक दुरुस्ती अर्ज, अशी रीत पडली. म्हणून १ जुलै २००२ पासून नियमाला एक अट जोडली गेली. ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती द्यायची नाही. मात्र योग्य ती दक्षता घेऊनही पक्षकाराला ही गोष्ट आधी मांडता आली नसती, अशी कोर्टाची खात्री झाली तर देता येते.

ट्रायल सुरू कधी झाली म्हणायची? विद्याबाई विरुद्ध पद्मलता या २००८ च्या निवाड्यात सुप्रीम कोर्टाने सरतपासणीचं शपथपत्र दाखल होणं म्हणजे ट्रायल सुरू होणं असं धरलं, आणि ही अट कोर्टावर बंधनकारक आहे असंही म्हटलं. तेव्हा जानेवारी २०२४ ला तुमची ट्रायल सुरू झाली, यात वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पारावर जो निवाडा फिरतोय तो २०२२ चा, एलआयसी विरुद्ध संजीव बिल्डर्स. त्यात १९८६ च्या दाव्यात नुकसानभरपाईची रक्कम वाढवणारी दुरुस्ती २०१७ मध्ये मागितली होती आणि ती टिकली, हे खरं. पण दावा १९८६ चा होता. २००२ ची अट त्याआधी लावलेल्या दाव्यांना लागत नाही. तुमचा दावा २०१९ चा, म्हणजे तुम्हाला अटीतूनच वाट काढावी लागेल.

आता तुमचे ११ आर. मोजणीत ते एका आकड्यात आले, कोर्टात मात्र ७ आणि ४ असे वेगळे चालतील.

कपाशीखालचे ७ आर घ्या. शपथपत्र जानेवारीचं, जेसीबी जूनचा. जे घडलंच नव्हतं ते आधी मांडणार कुठून? इथे दक्षतेचा प्रश्न आपोआप सुटतो. दाव्याच्या दरम्यान ताबा गेला, तर त्याच दाव्यात ताब्याची मागणी जोडून घ्यावी, नवा दावा लावायला लावून खटले वाढवू नयेत, असं संपत कुमार विरुद्ध अय्याकन्नू (२००२) मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे. त्यात दावा १९८८ चा, ताबा १९८९ ला गेलेला आणि अर्ज थेट १९९९ चा. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे ट्रायल सुरू झाली नव्हती. आणि कोर्टाने ताब्याची मागणी मूळ दाव्याच्या तारखेपासून न धरता दुरुस्ती अर्जाच्या तारखेपासून धरली. म्हणजे तुम्ही अर्ज द्याल त्या दिवसापर्यंत मुदतीचं घड्याळ चालूच राहणार.

गोठ्याखालचे ४ आर कठीण आहेत. न्यायाधीश पहिला प्रश्न हाच करतील की २०१९ ला दावा लावताना मोजणी का नाही केली? गोठा रोज डोळ्यांसमोर होता. मोजणीशिवाय कळलं नाही, हे तुमचं उत्तर खरं असेल, पण मोजणी करून घेणं तुमच्याच हातात होतं. माझ्या मते ही मागणी फेटाळली जाण्याची शक्यता जास्त. तरी ती सोडू नका. त्याच अर्जात, पण वेगळ्या परिच्छेदात आणि वेगळी मागणी म्हणून घाला, म्हणजे एक गेली तरी दुसरी तिच्याबरोबर बुडणार नाही. मालकीवर आधारलेल्या ताब्याला मुदत बारा वर्षांची आहे. गोठा २०१६ चा धरला तर २०२८ पर्यंत वेगळा दावा लावता येतो. त्यात आदेश २, नियम २ ची हरकत येईल, की हे तेव्हाच का नाही मागितलं. बांध कोरणं आणि गोठा बांधणं ही दोन वेगळी कारणं आहेत, असं त्यावर म्हणता येतं. चालू दावा काढून घेऊन नव्याने लावा, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. दाव्याबरोबर निशाणी ५ चा हुकूमही जाईल.

आता तुमचा मसुदा. परिच्छेद ४ मध्ये लिहिलंय : ‘सदरची बाब वादीकडून नजरचुकीने व अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली.’ हे वाक्य आमच्या बाररूममधल्या प्रत्येक संगणकात साठवलेलं असतं, गट नंबर बदलला की अर्ज तयार. पण २००२ च्या अटीपुढे हे वाक्य म्हणजे दक्षता घेतली नाही याची लेखी कबुलीच. शिवाय ७ आरच्या बाबतीत ते खोटं आहे, तुमची नजर चुकलेली नाही. ते पूर्ण काढा. त्या जागी तारखा येऊ द्या. बांध कोणत्या रात्री तोडला, तक्रार अर्ज कधी दिला, मोजणीची फी कधी भरली, शेजाऱ्याला मोजणीची नोटीस कधी गेली, ‘क’ प्रत हातात कधी पडली. प्रत्येक तारखेला कागद जोडा, पोलीस ठाण्याची पोचसुद्धा. ‘क’ प्रत मिळाल्यापासून आजपर्यंत जे दिवस गेले त्याचंही कारण लिहा, समोरचे तिथेच बोट ठेवणार. अतिक्रमण खरंच आहे का, हे कोर्ट या टप्प्यावर तपासत नाही. आधी का नाही मागितलं, एवढंच बघतं. ताबा मागितला की दाव्याचं मूल्यांकन आणि कोर्ट फीचा परिच्छेदही बदलावा लागतो, मसुद्यात तो जुनाच राहिलाय.

अर्ज मंजूर झाला की पेढे वाटण्याआधी मूळ वादपत्रात दुरुस्ती करून घ्या. हुकमात मुदत दिली नसेल तर १४ दिवस मिळतात. ते उलटले तर कोर्टाने मुदत वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. मंजूर अर्ज दप्तरात पडून राहिलेला मी पाहिला आहे. नामंजूर झाला तर त्यावर अपील नाही, घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट करावं लागतं.

आणखी एक, जे तुम्ही विचारलंच नाही. मनाई हुकूम असताना त्याने बांध तोडला. आदेश ३९, नियम २-अ खाली वेगळा अर्ज द्या. मिळकत जप्तीपासून तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेपर्यंतची तरतूद त्यात आहे. तुमच्या मसुद्याला मी जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्म्या वेळात हा अर्ज तयार होतो आणि शेजाऱ्यावर त्याचा परिणाम जास्त होतो.

प्रश्न : भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आहे. पुरावा सुरू झाल्यावर कळलं, वडिलांचा एक गट दाव्यात घालायचाच राहिला. आता घालता येईल का?
– एक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : ताई, अट तुम्हालाही तीच लागते. पण वाटपाच्या दाव्यात सगळी एकत्र मिळकत कोर्टापुढे यावी, अशी अपेक्षा असते, म्हणून कोर्टाचा हात इथे थोडा सैल असतो. आधी भावांची कैफियत काढून वाचा. ‘सर्व मिळकती दाव्यात आणलेल्या नाहीत’ अशी हरकत त्यांनी तिथे घेतली असेल, तर तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं असं धरलं जाईल आणि उशिराचं कारण त्या तारखेपासून द्यावं लागेल. दुसरं, अर्ज देण्याआधी वडिलांच्या आणि प्रत्येक भावाच्या नावचा ८-अ (खातेउतारा) काढा. एक गट राहिला म्हणता, आणखीही निघतील. दुसऱ्यांदा दुरुस्ती मागायला गेलात तर कोर्ट इतकं ऐकून घेणार नाही.