बॅटरी फुल्ल, कॅमेरा गुल

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिघांचंही रडगाणं एकच, कॅमेरा मध्येच मान टाकतो. पहिल्याला जरा लांबलचक उत्तर दिलंय कारण त्यात बाकीच्यांच्याही कामाचं बरंच आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे १२-१३ वर्षांपूर्वी घेतलेला साधा डिजिटल कॅमेरा आहे, दोन पेन्सिल सेलवाला. आजकालच्या मोबाईलपुढे तो काहीच नाही, पण झूम चांगला आहे आणि हाताला सवयीचा म्हणून सोडवत नाही. शिमग्याला पालखी घरी येणार म्हणून नवे सेल आणले, घातले, चालू केला, लेन्स अर्धी बाहेर आली, 'बॅटरी बदला' असं दाखवलं आणि बंद. परत दुसरे सेल, परत तेच. पालखी अंगणात नाचून पुढच्या घरी गेली तरी मी आपला ओसरीवर सेल बदलतोय. वर दर वेळी तारीख विचारतो ते वेगळंच. दुकानदार म्हणतो आतला सर्किट बोर्ड गेला, टाकून द्या. पण तेच सेल टीव्हीच्या रिमोटला मस्त चालतायत हो! मग बोर्ड खरंच गेला का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : काका, रिमोटचं लिहिलंत ते बरं केलंत, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. रिमोटला करंट लागतो किती, नखभर. कॅमेरा चालू झाला की स्क्रीन पेटते, लेन्सची मोटर फिरते, फ्लॅश चार्ज व्हायला लागतो, सगळं एकदम, आणि त्या क्षणी सेलमधून एक अँपिअरच्या आसपास ओढ बसते. मे महिन्यातली विहीर आठवा, कळशीने काढाल तर दिवसभर पाणी पुरतं पण पंप लावलात की पाच मिनिटांत तळ. सेलचंही तसंच. त्यामुळे रिमोटवर चालतो म्हणजे सेल चांगला, हे काही खरं नाही.

पहिलं म्हणजे सेल कुठले ते बघा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्तातले कॅमेऱ्याला चालतच नाहीत, नवे कोरे असले तरी. वेष्टनावर 'अल्कलाइन' असं लिहिलेलं पाहिजे, आणि त्याहून चांगले म्हणजे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड, २००० एमएएचच्या आसपासचे (एमएएच म्हणजे सेलमध्ये साठा किती, तो आकडा). या रिचार्जेबलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, अल्कलाइनवर १.५, ते बघून लोक घाबरतात, पण ओढ बसली की अल्कलाइन लगेच खाली येतो आणि रिचार्जेबल आपल्या जागी टिकून राहतो. काही कॅमेऱ्यांत सेलचा प्रकार निवडायचा पर्याय मेनूत असतो, तो चुकीचा असेल तर सेल भरलेले असतानाही कॅमेरा 'संपले' म्हणतो. आणि एक जुना एक नवा अशी जोडी कधीच नको, जुना नव्यालाही घेऊन बुडतो.

आता समजा सेल चांगले आहेत, तरी तेच होतंय. मग सेल बसतात ती जागा बघायची. आपल्या किनाऱ्यावर मला बोर्ड गेलेले कमी आणि खार धरलेल्या जागाच जास्त भेटल्यात. माझ्याच कॅमेऱ्याची गोष्ट सांगतो, देवबागला रापण ओढतानाचे फोटो काढत होतो, जाळं किनाऱ्याला लागायला आणि कॅमेरा बंद पडायला एकच गाठ. चार सेल बदलले. शेवटी एका म्हाताऱ्या रेडिओ रिपेअरवाल्याकडे नेला, त्यांनी झाकण उघडून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "सेल बरे आसत रे, बसाची जागा बिघडली हा." स्प्रिंगच्या बुडाशी हिरवट पांढरा एक कण होता, साबुदाण्याएवढासुद्धा नाही. तेवढ्याने माझी सकाळ खाल्ली होती.

एवढासा कण असं काय करतो? साधं गणित आहे. दोन अल्कलाइन सेलचे मिळून ३ व्होल्ट. खार किंवा गंज मध्ये आला आणि तिथे नुसता अर्धा ओहम अडथळा झाला तर एक अँपिअर ओढताना अर्धा व्होल्ट तिथेच जिरतो, कॅमेऱ्याला पोचतात अडीच, म्हणजे त्याच्या लेखी सेल संपत आलेले. आणि व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावाल तर सेल अगदी ठणठणीत दाखवणार, कारण मीटर ओढतच नाही काही. म्हणून दुकानदार सेल तपासतो, सेल बरा निघतो, आणि बिल बोर्डाच्या नावावर फाटतं.

घरच्या घरी हे करून बघा. काढलेले फोटो बघायचं बटण असतं ना, बाणाचं, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते दाबून धरलं की लेन्स बाहेर न येता कॅमेरा चालू होतो. तसा चालू करून दहा मिनिटं जुने फोटो बघत बसा. तेवढा वेळ टिकला तर बोर्ड बहुतेक ठीक आहे, भार वाढला की पुरवठा तुटतोय. मग सेलचं झाकण अंगठ्याने घट्ट दाबून धरा आणि फोटोच्या मोडमध्ये चालू करा. दाबल्यावर चालला आणि सोडल्यावर गेला तर दुखणं झाकणात आहे. दोन सेलना जोडणारी पट्टी पुष्कळदा झाकणाच्याच आतल्या बाजूला असते, आणि झाकण अडकवणारा प्लास्टिकचा दात वर्षानुवर्षं स्प्रिंगचा जोर सोसून झिजतो किंवा तुटतो. माझ्या ओळखीत एकजण गेली कित्येक वर्षं रबरबँड लावून फोटो काढतोय. दिसायला वाईट, चालायला झकास.

साफ करायला आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाईल रिपेअरवाल्याकडे असतं. कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात किंचित बुडवायचा, टपटप गळेल इतका नाही, आणि दोन्हीकडच्या पट्ट्या, स्प्रिंगची टोकं आणि सेलचीही टोकं पुसायची. पांढरी पावडर असेल तर जुना अल्कलाइन सेल कधीतरी आत गळलाय, तो खार अल्कधर्मी असतो त्यामुळे काडीवर व्हिनेगरचा एखादा थेंब घेऊन पुसला की सुटतो, मग वरून परत अल्कोहोल, आणि पूर्ण सुकल्याशिवाय सेल घालायचे नाहीत. नुसती काळपट पट्टी असेल तर शाळेतला खोडरबर पुरतो, फक्त कॅमेरा उलटा धरून घासा, नाहीतर रबराचा चुरा आत जाऊन बसेल. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको! पट्टी दोन दिवस चांदीसारखी चकाकते, पण वरचा मुलामा निघालेला असतो आणि आपल्या खाऱ्या हवेत ती आधीपेक्षा लवकर गंजते.

एवढं करूनही लेन्स अर्ध्यावरच अडत असेल तर कान देऊन ऐका. कर्रकर्र आवाज आला तर रेव आहे, समुद्रावर नेलेल्या कॅमेऱ्यात ती शिरतेच. लेन्स जमिनीकडे तोंड करून धरायची आणि रबरी पंपाने कडेच्या फटीत हवा मारायची, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते. अडकलेल्या लेन्सला मोटर जोर लावते, जास्त करंट ओढते आणि कॅमेरा परत सेललाच दोष देऊन मोकळा होतो.

तारखेचं दुखणं वेगळं आहे, ते यात मिसळू नका. घड्याळासाठी आत एक छोटासा साठा असतो, तो मुख्य सेलवरूनच चार्ज होतो आणि सेल बदलेपर्यंत वेळ धरून ठेवतो. कॅमेरा बरेच महिने कपाटात असला की तो रिकामा होतो. चांगले सेल घालून एक-दोन दिवस तसाच ठेवा, भरला तर भरला. नाही भरला तरी तारीख विचारण्यापलीकडे काही बिघडत नाही, आणि त्यामुळे कॅमेरा बंदही पडत नाही.

प्रश्न : आमचं तारकर्लीला होमस्टे आहे, पाहुण्यांचे फोटो काढायला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घेतलेला. पावसात धंदा बंद म्हणून कॅमेरा बॅगेत ठेवून दिला होता, दिवाळीच्या सीझनला काढला तर एक बॅटरी चार्जरवर लाल लाइट नुसती ब्लिंक करते, दुसरी चार्ज होते पण रात्री फुल्ल ठेवलेली सकाळी निम्मी. नवीन दोन्ही घ्यायच्या का?
– होमस्टेवाली एक ताई

उत्तर : ताई, एक तर बहुतेक घ्यावी लागेलच. लिथियम-आयन बॅटरी पार रिकामी करून चार महिने ठेवली की हळूहळू इतकी खाली जाते की चार्जर तिला हातच लावत नाही, आणि ते सुरक्षेसाठीच असतं, त्यामुळे कुठूनतरी वायर जोडून तिला 'उठवण्याचे' व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. तिची टोकं पुसून एकदा परत चार्जरवर लावून बघा, नाही घेतलं तर राम म्हणा. फुगली असेल, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल किंवा कॅमेऱ्यातून काढताना अडकत असेल, तर चार्ज करायचीच नाही, टोचायची नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

दुसरीसाठी दोन रात्री घालवा. पहिल्या रात्री फुल्ल करून बॅटरी कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवा आणि सकाळी घालून बघा. दुसऱ्या रात्री कॅमेऱ्यात ठेवा, स्विच ऑफ करून. बाहेर असतानाही निम्मी झाली तर बॅटरी म्हातारी झालीय. बाहेर भरलेली राहते आणि आत रिकामी होते तर कॅमेरा खातोय, आणि बऱ्याचदा तो खातो ब्लूटूथमधून, मोबाईलशी जोडी जमवून ठेवलेली असते आणि काही मॉडेलमध्ये कॅमेरा ऑफ असतानाही ते जागं राहतं. मेनूत जाऊन वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस जे असेल ते बंद करा आणि तिसऱ्या रात्री बघा. लाइव्ह व्ह्यू म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायची सवय असेल तर तीही भरपूर खाते, डोळा लावून काढाल तर त्याच बॅटरीत कितीतरी जास्त फोटो निघतात. पाहुणे मात्र स्क्रीनवरच बघायला मागतात, ते मला माहीत आहे.

पुढच्या पावसात बॅटरी साधारण निम्मी भरून, कॅमेऱ्यातून काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा बघा. चामड्याच्या बॅगेत नको, तिथे बॅटरीच्या आधी लेन्सला बुरशी लागते.

प्रश्न : गुहागरला लाटेचं पाणी कॅमेऱ्यावर उडालं, घरी येऊन तांदळात ठेवला, दोन दिवस चालला, आता चालू होतो आणि लगेच बंद. काय करू?
– कॉलेजची एक वाचक

उत्तर : आधी बॅटरी काढ आणि परत चालू करून बघायचा मोह आवर. तांदूळ फार तर थोडं पाणी ओढतो, मीठ ओढत नाही, ते आत सर्किटवर तसंच बसलंय, आपली दमट हवा लागली की ओलं होतं, आणि करंट चालू असताना तर जास्तच वेगाने खातं. झाकणाच्या कडेला पांढरट डाग दिसले तर हे घरचं काम राहिलं नाही. उघडून आयपीएने धुणाऱ्याकडे या आठवड्यातच ने, आणि त्याला 'पाणी लागलं' एवढंच नको सांगूस, 'समुद्राचं पाणी लागलं' असं सांग. आणि ते तांदूळ कोंबड्यांना घाल.