घरामागे हिवाळ्यात हरणं येतात. त्यांना खायला ठेवावं का, आणि ती नीट पाहायची कशी?

ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्याला, लागून घर घेतलंय, डिसेंबर लागल्यापासून पहाटे मागच्या सांदवाडीत ठिपक्यांची हरणं येतात, असं तुम्ही लिहिलंय. मी याच पट्ट्यातला. खायला ठेवू नका, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्याचं जरा सविस्तर देतो.

ठिपक्यांची म्हणजे चितळ. दिवाळीनंतर जंगलातलं गवत वाळून निबर होतं, आणि नेमका तेव्हाच धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळी, हरभरा हिरवागार असतो. वाडीत बोर किंवा आवळा असेल तर विचारायलाच नको. शिवाय रात्री मोकळ्या जागेत चारही बाजूंचं दिसतं, म्हणूनही ती गावाच्या कडेला येऊन बसतात.

आता खाण्याचं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू पाल्यागवताला सरावलेले असतात. एकदम भात, धान्य, पोळ्या पडल्या की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावतं. गाईने धानाच्या राशीत तोंड घातलं तर काय होतं, ते गावात कोणालाही विचारा. गुरांच्या टाक्यावर चितळ पाणी प्यायला लागले तर लाळ्या-खुरकूत इकडून तिकडे जाण्याची भीती वेगळीच. आणि रोज ठरल्या जागी चितळ जमू लागले की बिबट्यालाही ती जागा कळते. पहाटे अंधारात वाडीत जाणारं माणूस मग त्याच्याच वाटेत.

पाहायचं असेल तर उजाडायच्या आधी दिवे बंद करून मागच्या खिडकीशी बसा. टॉर्च नको, फ्लॅश तर मुळीच नको. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे जात असेल तर उठून चहा करा, ती येणार नाहीत. स्थिर बसलेलं माणूस त्यांना चटकन उमगत नाही, हललेला हात मात्र लगेच दिसतो. संशय आला की मादी मान ताठ करते, पुढचा एक पाय उचलते आणि जमिनीवर आपटते. त्या क्षणी तुम्ही मोबाइल उचललात की शेपटीखालचा पांढरा भाग तेवढा दिसेल.

नराची शिंगं निरखून पाहा. या दिवसांत बहुतेक नरांच्या शिंगांवर अजून मखमली लव असते, टोकं बोथट आणि जाडसर. आत रक्त खेळत असतं, म्हणून तो फांद्यांमधून डोकं जपून काढतो. उन्हाळ्यात माजाच्या वेळी हीच शिंगं टणक, टोकदार होतात, पुढे गळतात आणि पुन्हा नवी येतात. सांबराचं उलट: तो हिवाळ्यातच माजावर असतो, त्यामुळे आत्ता त्याची शिंगं पक्की. पण सांबर बहुतेक रात्रीच वावरतो, सकाळी खुरांचे ठसेच दिसतात. रोही, म्हणजे नीलगाय, मात्र हरिण नाहीच, त्याची शिंगं कधी गळत नाहीत.

कळप गेल्यावर ते बसले होते ती जागा बघून या. मला तर हेच जास्त आवडतं. आवळ्याच्या स्वच्छ बियांचा छोटा ढीग सापडेल. चितळ फळ गिळतो आणि रवंथ करताना बी तोंडातून टाकून देतो; बोरं खाल्लेल्या शेळ्याही गोठ्यात हेच करतात. पुढच्या पावसाळ्यात तिथे आवळ्याचं रोप दिसलं तर उपटू नका.

आवळ्यावर वानरं आली तर हाकलू नका. ती वरून पाला-फळं पाडतात, चितळ खाली वेचतात. आणि वानर झाडावरून एकाच दिशेला बघून खाकरायला लागलं, चितळही ओरडू लागले, तर वाघ-बिबट्या जवळ आहे असं समजा, मुलांना आत घ्या आणि मागचं दार लावा.

कुत्री मात्र पहाटे बांधून ठेवा. कुत्र्यांनी पळवलेला चितळ जखम नसतानाही धसक्याने मरू शकतो. भाजी वाचवायला कुंपणात करंट सोडायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो अजिबात ऐकू नका, अशा तारांनी वाघही मारलेत आणि माणसंही. हरभरा खाल्ला तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, नुकसानभरपाई मिळते. जखमी जनावर दिसलं तर त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नका, जबरदस्तीने पाणी पाजू नका, वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.