पुण्यातल्या माता-बाल आरोग्यविषयक संशोधनातून नेमके काय निष्पन्न झाले?

आपण विचारले आहे की, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा गरोदर स्त्रियांच्या आहाराशी काय संबंध आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील त्यांच्या गटाने 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि तेथे जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो होते. मात्र पुण्याकडची ही बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी जितकी लहान होती, तितकी त्वचेखालच्या चरबीने नव्हती, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

आहाराविषयी 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, आईने घेतलेल्या एकूण उष्मांकांचा वा प्रथिनांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार खाण्याशी मात्र तो आढळला. 2008 च्या निबंधानुसार, ज्या मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फोलिक आम्ल ज्याचे गोळीतील रूप आहे ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध (रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने नीट प्रतिसाद न देणे) सर्वाधिक होता. हे निरीक्षणात्मक निष्कर्ष असल्याने त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि ते वाचून कोणीही फोलिक आम्लाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या आवश्यकच असतात. ब-12 मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी गर्भवतीने त्याची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.