पीडीएफ मिळाली, पण मोबाईल गप्प

डिचोलीची एक आई बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या मुलीला घेऊन आली. मुलीला फारच अंधुक दिसतं. "मॅडम, प्रकाशकानं पीडीएफ दिली, पण मोबाईल ती वाचतच नाही. बायचं वर्ष फुकट जाणार काय?"

पीडीएफ उघडून मुलीला एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायला सांगितली. उमटला तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. म्हणजे पुस्तक जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संगणकीय क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेलं. डोळ्याला देवनागरी दिसते, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या टॉकबॅकच्या हाती मात्र तो कचराच लागतो. ओळ निवडता आलीच नसती, तर पानं निव्वळ फोटो आहेत असं समजायचं. मोबाईलचा दोष कुठेच नव्हता.

आईला आधी कॉपीराइटची धास्ती. कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी पुस्तक सुगम, म्हणजे त्याला वापरता येईल अशा स्वरूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. प्रकाशकाला पत्र तरीही पाठवायचं, पण त्यात 'सॉफ्ट कॉपी' लिहिलं की पुन्हा तीच पीडीएफ येते. 'युनिकोडमधली वर्ड फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल)' असं स्पष्ट मागायचं आणि सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची प्रत जोडायची.

उत्तराची वाट बघत बसायचं नाही. तेवढ्यात 'सुगम्य पुस्तकालया'त शोध घ्यायचा. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे; अपंगत्वाचा दाखला देऊन नाव नोंदवावं लागतं.

तिथेही नसेल, तर स्कॅन. स्कॅनरची स्पष्टता ३०० डीपीआय, एका वेळी एकच पान. घाईत दोन पानं एकत्र टिपली, तर ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारा प्रोग्राम) डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून टाकतो. मग गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडायचं, ओसीआर तिथेच होतो. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा वर्गातल्या कुणीतरी छापील प्रत हातात धरून तपासायला हवं. नकाशा किंवा तक्ता असेल तिथे दोन वाक्यांत वर्णन घालायचं.

सगळं पुस्तक एकदम करायला घेतलं की काम रखडतं. या मुलीच्या दोन मैत्रिणींनी आधी त्या महिन्यात शिकवायची दोन प्रकरणं उरकली. एक गोष्ट मात्र राहिली होती, पानांचे आकडे. सर म्हणायचे, "पान ४७ काढा," आणि हिच्या फाइलमध्ये पान ४७ नव्हतंच. आता प्रत्येक पानाच्या सुरुवातीला स्वतंत्र ओळीत 'पान ४७' असं टाकतात; ती शोधात तेवढंच टाइप करते.